वेताळाचे वाचक आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेने वाचकाविषयी पुष्कळ लिहिले आहे. वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा पदव्युत्तर अभ्यासक्रमात रुळूनही आता बराच काळ लोटला. परंतु या सर्व लेखनात वाचक म्हणून जो वावरतो तो एकटा, प्रौढ आणि निःशब्द असतो. तो कादंबरी वा कविता वाचतो आणि त्याची प्रतिक्रिया समीक्षकानेच कल्पिलेली असते. एका अंकावर चौघांनी डोकी घालून वाचावे आणि शेवटचे पान उलटताच भांडायला लागावे, असा वाचक या समीक्षेला दिसलेला नाही. दिसला तेव्हा तिने त्याला बालवाङ्मयाच्या कोपऱ्यात बसवले, किंवा 'अभिरुची बिघडलेला' म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांशी ती ज्या सोवळ्याने वागली, त्याच सोवळ्याने ती चित्रकथेशीही वागली.

टाइम्स समूहाचे 'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. आधी मासिक, मग पाक्षिक आणि १९८०च्या दशकात साप्ताहिक अशा गतीने आठशेहून अधिक अंक निघाले. इंग्रजी-हिंदीबरोबर ते मराठीतही निघत. सव्वीस वर्षे चाललेल्या आणि एवढ्या नियमाने वाचल्या गेलेल्या या मराठी संहितेची वाङ्मयेतिहासात जेमतेम नोंद असावी, ही नजरचूक नव्हे. ती निवड आहे.

गडचांदूरसारख्या गावात ही निवड विशेष खुपते. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातला हा मुलूख. माणिकगडाच्या पायथ्याकडचे हे गाव १९८०च्या दशकात सिमेंटच्या कारखान्यांनी बदलून गेले. कामगारांच्या वसाहती आल्या आणि बाजारात मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा भाषा एकमेकींच्या कानाला लागल्या. अशा गावी ग्रंथालय असो वा नसो, बसस्थानकापाशी दिवसाच्या भाड्याने चित्रकथा देणारा कोणी तरी असे. अंक एक आणि वाचक अनेक, हे तेथील वाचनाचे अर्थशास्त्र होते. म्हणूनच वाचन तेथे जात्याच सार्वजनिक होते. आठवड्याचा नवा अंक ही घटना असे. तो कोणाच्या हाती आधी आला, कथा मागच्यापेक्षा सरस की फिकी, मागच्या भागात बुडालेला खलनायक या भागात कसा काय जिवंत झाला, याचा निकाल त्याच संध्याकाळी लागे.

या निकालांची जात कोणती होती? वेताळाच्या मूळ पट्टीचे चित्रकार विल्सन मकॉय १९६१ मध्ये वारले आणि काम साय बॅरींकडे गेले. 'इंद्रजाल'मध्ये दोघांचीही चित्रे आली. मकॉयची रेषा साधी, काहीशी बाळबोध. बॅरींची स्नायूंना आणि सावल्यांना तोलून धरणारी. पोरांना ही नावे ठाऊक नसत. तरीही 'हा दुसऱ्याचा हात आहे' हे ती ओळखत, त्यांचे पक्ष पडत आणि पक्षांची कारणेही दिली जात. नावाच्या आधाराशिवाय शैली ओळखणे हे शैलीविज्ञानाचे पहिले पाऊल मानले जाते; ते रस्त्यावर पडले तर त्याला गप्पा म्हणायचे, हा न्याय चमत्कारिक आहे. उंबेर्तो एकोने १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिताना दाखवले की, असा नायक काळाने झिजता कामा नये, म्हणून त्याच्या कथांतला काळच धूसर ठेवावा लागतो. मागचा भाग आणि हा भाग यांचा मेळ बसत नाही म्हणून हुज्जत घालणारा वाचक त्याच गाठीवर बोट ठेवत होता. एकोचे दाखले प्रबंधांत मिळतात. त्या हुज्जतीची नोंद कुठेही नाही.

चित्रकथेकडे पाठ फिरवणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक तिला परकी म्हणून नाकारतो. या पक्षाने अंक उघडून पाहिलेला नाही, असे म्हणणे भाग आहे. मूळ मालिकेतल्या देशनामात बंगालचा ध्वनी येतो, म्हणून भारतीय आवृत्तीत तो देश 'डेंकाली' झाला. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. आणि ली फॉकने १९३६ मध्ये निर्मिलेला 'फँटम' मराठीत 'वेताळ' झाला. वेताळ म्हणजे शेंदूर फासलेला, गावाच्या वेशीवरचा राखणदार, भुतांचा राजा. शिवाय तो वेताळपंचविशीतला, झाडाला लटकून गोष्ट सांगणारा आणि गोष्ट संपताच 'यात न्याय कोणाचा?' असे विचारणारा. अनुवादकाने हा सगळा विचार केला होता की नाही, हा प्रश्न गौण. नाव आले की त्याच्या मागून त्याचे गणगोत येतेच. देशीवादाच्या चर्चेला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण होते. ते हाताशी असूनही कोणी उचलले नाही.

दुसरा पक्ष अधिक शिकलेला आहे. डॉर्फमन आणि मातलार यांनी १९७१ मध्ये चिलीत डोनाल्ड डकच्या पोटातला साम्राज्यवाद उघडा केला. त्या धर्तीवर वेताळातला वसाहतवाद दाखवणे मुळीच अवघड नाही. गोरा पुरुष कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि जंगलातली माणसे त्याच्यापुढे झुकतात. हे निदान खरे आहे आणि ते मवाळ करण्याचे कारण नाही. उलट ते अपुरे आहे, कारण या कथेची खरी क्लृप्ती चित्रात नसून गुपितात आहे. वेताळ अमर नाही. बाप मेला की मुलगा तोच वेश चढवतो आणि हा वारस एकविसावा आहे. बांडार जमातीखेरीज जंगलात हे कोणाला ठाऊक नाही. वाचकाला मात्र पहिल्याच पानावर ते सांगितलेले असते. म्हणजे वाचक जंगलातल्या माणसांच्या अज्ञानाबाहेर, गोऱ्या नायकाच्या शेजारी, आपोआप जाऊन बसतो. आता हा वाचक जिवतीच्या डोंगरातून गडचांदूरला शिकायला आलेला कोलाम वा गोंड मुलगा असेल तर तो कोठे बसतो? सिंहासनाच्या बाजूला, की झुकलेल्यांत? की त्याला दोन्ही जागा एकदम मिळतात आणि त्यातून तिसरेच काही निपजते? संहिता कितीही बारकाईने वाचली तरी याचे उत्तर तिच्यात सापडणार नाही. ते विचारावे लागते. जॅनिस रॅडवेने प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांना प्रत्यक्ष विचारले आणि १९८४ मध्ये 'रीडिंग द रोमान्स' लिहिले. मराठीत त्या पुस्तकाचा गोषवारा शिकवला जातो. त्याची पद्धत वापरायला मात्र विद्यापीठातून बसस्थानकापर्यंत चालत जावे लागते.

याच मुलाच्या घरी दुसरीही वीरकथा असू शकते. प्रधान भाटांनी किंगरीवर गायलेल्या राज गोंडांच्या कुळकथा फ्यूरर-हायमेनडॉर्फने आदिलाबादच्या मुलखात ऐकल्या. त्यावरचा ग्रंथ १९४८ चा आहे आणि राजुऱ्याचा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होता. तेथे श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असते; काय घडणार यापेक्षा ते कसे सांगितले जाणार याकडे त्याचा कान असतो. ही परंपरा आणि भाड्याची चित्रकथा एकच आहेत, असे कोणी म्हणू नये. एकीत देव येतात, दुसरीत जाहिराती. पण ऐकण्याची सवय एका कथेकडून दुसरीकडे जाते का, हा प्रश्न तरी विचारण्याजोगा होता. (आबिद सुरतींचा 'बहादूर' १९७६ चा. दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांचे सशस्त्र दल उभारणारा तो नायक गडचिरोली-बस्तरच्या सीमेवर २००५ नंतर, सलवा जुडूमच्या काळात, आठवणीतून कसा वाचला गेला असेल? यावरही मराठीत कोणी लेखणी उचललेली नाही.)

या दुर्लक्षाची किंमत भाषेने मोजली आहे. १९९० मध्ये 'इंद्रजाल' थांबले. १९८६ पासून निघणारे 'राज कॉमिक्स'चे नागराज आणि त्यामागून आलेले सुपर कमांडो ध्रुव, डोगा प्रामुख्याने हिंदीत बोलत होते. विदर्भातल्या पोराला हिंदी परकी नव्हतीच. त्याने वाचन सोडले नाही. नव्या अंकावर निकाल द्यायची भाषा तेवढी बदलली. कथानक फसले, रेषा उतरली, शेवट ढापलेला आहे, हे तो हिंदीत म्हणायला शिकला. आणि हिंदीत डब झालेल्या सुपरहिरोपटांवरचा त्याच्या मुलांचा वादही आज बहुधा हिंदीतच चालतो. मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा भरले: १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके. या दोहोंमधल्या तेहतीस वर्षांत त्याच जिल्ह्यात मराठी चित्रकथेचा साप्ताहिक वाद रंगला, ओसरला आणि दुसऱ्या भाषेत गेला. तो गेल्याची तक्रार मराठी अभिमानाच्या एकाही भाषणाला करता आली नसती. तो येथे होता हेच ठाऊक नव्हते.

त्या वादातली पोरे आज पन्नाशीत आहेत. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि गडचांदूर त्याच्या क्षेत्रात येते. अंक भाड्याने देणारे ज्या वह्यांत गिऱ्हाइकाचे नाव, अंकाचा क्रमांक आणि परतीचा दिवस मांडत, त्या वह्या या प्रदेशातल्या मराठी वाचनाच्या दैनंदिनीच होत्या. बहुतेक रद्दीत गेल्या असणार. एखादी अजून कोणाच्या माळ्यावर असेल, तर तिच्यातल्या नावांची माणसे चालत जाण्याच्या अंतरावर राहतात.