हिकमत आणि पत

जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचे कुमारनगर यांच्याकडे बोट दाखवून एक बोधकथा नेहमी सांगितली जाते. १९४७ च्या फाळणीत सर्वस्व गमावलेली माणसे सिंधमधून नेसत्या वस्त्रांनिशी आली, कापडाचे गठ्ठे खांद्यावर टाकून दारोदार हिंडली आणि एका पिढीत दुकानदार झाली. मग खानदेशातील बेकार तरुणाला तेच का जमू नये? कथा खोटी नाही. पण ती अर्धीच आहे.

सप्टेंबर १९४७ मध्येच केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते निघाले. १९४८ च्या कायद्याने निर्वासितांना उद्योगधंद्यासाठी कर्ज देणारी यंत्रणा उभी राहिली, १९५४ च्या कायद्याने गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईची तरतूद झाली. राज्यघटनेने त्यांना नागरिकत्व दिले. कष्ट आणि काटकसर त्यांची होती. त्या कष्टांना पत मिळवून दिली ती शासनाने.

त्यानंतरही पाकिस्तानातून सिंधी हिंदू कुटुंबे जळगावात येत राहिली. त्यांच्यापैकी अनेकांचे वास्तव्य दीर्घ मुदतीच्या व्हिसावर अवलंबून असते. २०१६ मध्ये केंद्राने अशा व्हिसाधारकांना स्वयंरोजगार, बँकखाते आणि राहण्यापुरते घर घेण्याची मुभा दिली. परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. ज्याच्या वास्तव्यालाच मुदत आहे, त्याला भांडवल कोण देणार? मग तो दुसऱ्याच्या दुकानात नोकर होतो. आणि तक्रार करण्यास भिणाऱ्याची मजुरी मालकच ठरवतो. तीच मजुरी शेजारी राबणाऱ्या अहिराणीभाषक नोकराचा दरही खाली ओढते. म्हणून या दोघांचे हित वेगळे नाही.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. पण ती वाट तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरतीच आहे. नंतर आलेला हिंदू तिच्याबाहेर राहिला आणि मुसलमान तर मुळातच वगळला गेला. १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार भारताने स्वीकारलेला नाही, सर्वांना सारखा लागू होणारा निर्वासित कायदाही केलेला नाही. भाकरी मिळवण्याच्या हक्काला धर्माची आणि तारखेची अट घालणे समाजवाद्यांना मान्य होणे शक्य नाही.

तेव्हा प्रत्येक निर्वासिताला काम करण्याचा निःसंदिग्ध हक्क आणि धंद्यासाठी लहान कर्ज मिळावे, ही आपली मागणी असली पाहिजे. ती मान्य होण्याची वाट न पाहता जळगाव-धुळ्यातील कार्यकर्त्यांनी दुकान-कर्मचाऱ्यांना संघटित करताना या माणसांनाही सभासद करून घ्यावे. किमान वेतन मागताना कोणी कोणाची जन्मभूमी विचारू नये.