गुंतवणूक भोंग्याने येत नाही, भाऊ!

नागपूरकरहो, २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होतं. गल्लीगल्लीत भोंगे फिरत होते आणि प्रत्येक भोंग्यावर एकच भांडण: टाटा-एअरबसचा कारखाना कोणी घालवला? मिहानला येणार अशी आशा आपल्याला दाखवली होती. २८ ऑक्टोबरला त्याचं उद्घाटन वडोदऱ्यात झालं, स्पेनच्या पंतप्रधानांसमोर. हे त्यांच्याकडे बोट दाखवत होते, ते यांच्याकडे.

जे गेलं ते गेलं. जे इथेच सोनेगावात आपल्या हातात होतं, त्याचं काय केलं ते बघा.

विमानतळ चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. जीएमआरची बोली सर्वांत वरची ठरली. मार्च २०१९ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागली त्याच महिन्यात, ठेका मिळाल्याचं पत्र कंपनीच्या हाती पडलं. मग राज्यात सरकार बदललं आणि मार्च २०२० मध्ये सगळी प्रक्रियाच रद्द!

आता तारखा जुळवा. फ्रान्सच्या एडीपीने जीएमआर एअरपोर्ट्समध्ये ४९ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं फेब्रुवारी २०२० मध्ये. महिनाभरात नागपूरने हा हिसका दाखवला. पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाने आपल्याबद्दल काय समजायचं?

वाचवलं कोणी? कोणत्याही नेत्याने नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करण्याची कारवाईच मोडीत काढली. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच निकाल कायम ठेवला. तरी सरकारचं पोट भरलं नाही. पुनर्विचार याचिका फेटाळली गेली, मग क्युरेटिव्ह याचिका. ती निकाली निघाली सप्टेंबर २०२४ मध्ये. आणि लगेच ९ ऑक्टोबरला सुमारे ७ हजार कोटींच्या कामाचं भूमिपूजन! सहा दिवसांनी निवडणूक जाहीर. साडेपाच वर्षं धूळ खाणाऱ्या फाईलला आचारसंहितेआधी कसे पाय फुटतात पाहा.

यात एकही पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही. ठेका दिला युतीच्या काळात, रद्द झाला महाविकास आघाडीच्या काळात आणि क्युरेटिव्ह घेऊन गेलं केंद्र सरकार व विमानतळ प्राधिकरण.

कोणी म्हणेल, आधीच्या सरकारचा ठेका भ्रष्टाचाराचा असला तर रद्द करायचा नाही का? जरूर करा! पण पुरावा कोर्टात ठेवून करा, सभेत टाळ्या घेऊन नाही. एन्रॉन आठवतो? १९९५ ची विधानसभा भ्रष्टाचाराच्या आरोपावर आणि प्रकल्प समुद्रात बुडवण्याच्या भाषेवर लढली गेली. ऑगस्टमध्ये करार रद्द. १९९६ मध्ये त्याच कंपनीशी नवा करार, तोही दोन्ही टप्प्यांचा! मग तो भ्रष्टाचार गेला कुठे? दोषी कोण ठरला? कोणीच नाही. २००१ मध्ये दाभोळ बंद पडलं आणि भुर्दंड तुमच्या-माझ्या माथी आला.

बाहेरचा गुंतवणूकदार आपल्या सभा ऐकत नाही. तो दोनच गोष्टी पाहतो: आज दिलेला कागद निवडणुकीनंतर टिकतो का, आणि नाही टिकला तर सरकारला 'चूक तुझी' असं सांगणारं कोर्ट आहे का. पहिल्यात आपण नापास. दुसऱ्यावर निभावलं, पण तेही गृहीत धरू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये याच नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती रोहित देव यांनी आत्मसन्मानाविरुद्ध काम करू शकत नाही असं सांगत भर कोर्टात राजीनामा जाहीर केला. त्या दिवशी शहराची झोप उडायला हवी होती. आपण चार दिवस चर्चा केली आणि विसरलो.

आणि जिंकूनही साडेपाच वर्षं लागतात, तीही एवढ्या मोठ्या कंपनीला. बुटीबोरीतला छोटा कारखानदार एवढा टिकेल का? तो लढतच नाही. टेबलाखालून पाकीट सरकवतो आणि मोकळा होतो. न्याय उशिरा मिळतो तिथे लाचेचा भाव वाढतो, एवढं साधं गणित आहे.

म्हणून उमेदवार दारात आला की 'किती हजार कोटी आणणार?' असं विचारू नका. आकडा तो तोंडावर फेकेल. विचारा: 'तुमची सत्ता आली तर आधीच्यांनी रीतसर दिलेला ठेका पाळाल का? घोटाळा दिसला तर चौकशी शेवटाला न्याल का? कोर्टात हरलात तर निकाल मानाल का?'

तिन्हींना 'हो' म्हणणारा कोणी भेटला तर मला खाली कमेंटमध्ये नक्की सांगा. मी वाट पाहून राहिलो.