कवळाण्याचा गोपाळ

अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच कादंबरीकाराने रंगविलेला काउंट ऑफ माँटे क्रिस्टो आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. एक निरपराध तरुण खलाशी चौदा वर्षे बंदिवासात पडतो, इकडे त्याचा वृद्ध पिता अन्नावाचून प्राण सोडतो, आणि पुढे गुप्त धन हाती लागताच तोच खलाशी उमराव म्हणून पॅरिसमध्ये मिरवतो. वाचक त्या धनावर लुब्ध होतात. मला मात्र बंदिगृहातील फारिया नामक धर्मगुरूने त्यास शिकविलेल्या भाषा, गणित व इतिहास हेच त्याचे खरे धन वाटते. ते नसते, तर तो हिऱ्यामाणकांनी मढलेला खलाशीच राहिला असता.

आपले कामरेज १९४९ पर्यंत बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. त्या संस्थानच्या राजघराण्यात या कल्पित कथेशी जुळणारी घटना प्रत्यक्ष घडली. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील काशीराव गायकवाड यांचे पुत्र बडोद्यास आणले गेले, आणि त्यांतील बारा वर्षांच्या गोपाळरावाची निवड झाली. तेच पुढे महाराज सयाजीराव.

'कशासाठी आलास?' असे विचारता 'राज्य करण्यासाठी' असे त्या बालकाने उत्तर दिले, ही कथा भाषणांतून नेहमी ऐकू येते. टाळ्याही पडतात. तथापि मला ती रुचत नाही. राजेपण जणू त्याच्या रक्तातच होते, असा तिचा ध्वनी निघतो. वस्तुतः शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या त्या मुलास तेव्हा धड लिहितावाचताही येत नव्हते. एलियट या शिक्षकाच्या हाताखाली त्याने मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चार भाषांचे पाठ गिरविले. १८८१ साली राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले, ते सहा वर्षांच्या या अभ्यासानंतर! टाळ्या द्यावयाच्याच, तर त्या वर्षांना द्याव्यात.

आणि कवळाण्यातील इतर मुलांचे काय? त्यांपैकी कोणी बुद्धीने उणा होता असे थोडेच आहे? त्यांस निवडणारे कोणी आले नाही, इतकेच. हा विचार महाराजांच्या मनास शिवला असावा, असे त्यांच्या कृतीवरून वाटते. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेही मुलगे व मुली दोहोंसाठी.

घरात मात्र त्यांना सुख अल्पच लाभले. पहिल्या पत्नी १८८५ साली वारल्या. फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव हे तीन पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले, आणि १९३९ साली गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे आली. कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरचा ठरलेला विवाह मोडून १९१३ साली कूचबिहारच्या राजपुत्रास वरले. पित्यास ते मानवले नाही. मुलींस शिकविणाऱ्या राजालाही शिकलेल्या मुलीचा निर्णय पचविणे जड गेले, हे सांगण्यात मला त्यांचा अवमान दिसत नाही.

सक्तीचा कायदा आपल्या तालुक्यातही आला. गुरे राखणारा मुलगा शाळेत न धाडणाऱ्या बापास दंड होई. अशा कोणा बापाने त्या काळी महाराजांच्या नावाने बोटेही मोडली असतील. पण त्याचा मुलगा त्या दिवशी पाटीपुढे बसला होता.