चष्मा हा दागिना नव्हे!

जून महिना उजाडला की मध्यमवर्गीय घरात खर्चाची यादी तयार होते. शाळेचे शुल्क, वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर, रेनकोट. या यादीत अलीकडे आणखी एक नोंद ठळकपणे होऊ लागली आहे, ती म्हणजे चष्मा. मुलाचा नंबर वाढलेला असतो, वडिलांना चाळिशी लागलेली असते, आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तिलाही वाचनासाठी नवा चष्मा हवा असतो. एका घरात तीन-तीन, चार-चार चष्मे! आणि घर चालविणाऱ्या गृहस्थाला हळूहळू उमगते की, धान्याच्या, विजेच्या आणि औषधांच्या महागाईवर घराघरांत चर्चा होते. पण चष्म्याच्या किमतीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

का काढत नाही? कारण चष्म्याच्या दुकानात ग्राहक हा ग्राहक राहतच नाही; तो भयभीत पालक होतो. झगमगत्या दिव्यांखाली मखमली तबकात चौकटी मांडल्या जातात. एक चौकट पसंत पडते. खर्च आटोक्यात आला असे वाटत असतानाच दुसरा अध्याय सुरू होतो. ‘मुलगा मोबाइल पाहतो का? मग निळा प्रकाश अडविणारी काच घ्या.’ ‘साधी काच जाड दिसेल, पातळ घ्या.’ ‘ओरखडे पडू नयेत म्हणून एक लेप, धूळ चिकटू नये म्हणून दुसरा.’ प्रत्येक वाक्यासरशी देयकाचा आकडा वाढत जातो आणि पालकाला नाही म्हणता येत नाही. मुलाच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, तेथे काटकसर कशी करायची? हाच भाव या व्यापाराचे खरे भांडवल आहे.

अखेरीस ‘एकावर एक मोफत’ ही घोषणा ऐकवली जाते आणि ग्राहक समाधानाने बाहेर पडतो. परंतु एका चष्म्याच्या किमतीत दोन देणे परवडते, तर त्या एकाची खरी किंमत किती होती, हा साधा प्रश्न विचारण्याचे त्याला भान राहत नाही.

किंमत काचेची की नावाची?

आज ज्याला काच म्हटले जाते ती बहुतेक वेळा काच नसतेच. गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात विकसित झालेले ‘सीआर-३९’ नावाचे प्लॅस्टिक आजही जगभरच्या साध्या भिंगांसाठी वापरले जाते. ते हलके आहे, स्वच्छ दिसते आणि कमी नंबरासाठी पूर्णपणे पुरेसे आहे. चौकट म्हणजे थोडासा धातू किंवा अ‍ॅसिटेट, दोन बिजागऱ्या आणि चार-सहा स्क्रू. यात दुर्मीळ असे काही नाही आणि सात दशकांहून अधिक जुने हे तंत्र कोणाच्या एकाधिकारात असण्याचेही कारण नाही.

मग किंमत चढते कोठे? इटलीतील आगोर्डो या डोंगराळ गावात १९६१ साली स्थापन झालेल्या ‘लक्सॉटिका’ या कंपनीचा प्रवास पाहिला की उत्तर मिळते. चौकटींचे सुटे भाग बनविणाऱ्या या कंपनीने १९९५ साली अमेरिकेतील ‘लेन्सक्राफ्टर्स’ ही दुकानांची साखळी घेतली, १९९९ साली ‘रे-बॅन’ हे नाव विकत घेतले, २००१ साली ‘सनग्लास हट’ ही दुकाने आणि २००७ साली ‘ओकली’ हा प्रतिस्पर्धीही ताब्यात घेतला. प्राडा, शनेल, अरमानी अशा फॅशनच्या नावांनी विकल्या जाणाऱ्या चौकटीही परवाना घेऊन हाच समूह तयार करतो. दुसरीकडे फ्रान्समधील ‘एसिलोर’ ही भिंगांच्या क्षेत्रातील बलाढ्य कंपनी. दूरचे व जवळचे एकाच भिंगातून, मधली रेघ न दिसता पाहण्याची सोय देणारे ‘व्हेरिलक्स’ भिंग १९५९ साली आणणारी परंपरा तिचीच. २०१८ साली या दोन्ही कंपन्या एक झाल्या. चौकट त्यांची, भिंग त्यांचे, दुकान त्यांचे आणि अमेरिकेत तर नेत्रविम्याची एक मोठी योजनाही त्यांचीच! दुकानाच्या फळीवर दहा नावे दिसतात, म्हणून ग्राहकाला वाटते की येथे स्पर्धा आहे. प्रत्यक्षात त्यातली अनेक नावे एकाच घरची असतात.

भारतीय बाजारावर याचा परिणाम काय झाला? परदेशी नावांनी किमतीची जी पातळी ठरविली, तीच प्रतिष्ठेची पातळी मानली गेली. मग देशी नावांनीही त्याच पायरीवर आपली दुकाने थाटली. जी वस्तू दृष्टीसाठी घ्यायची ती ‘स्टाइल’साठी घेण्याची सवय मध्यमवर्गाला लावण्यात आली. ज्याला हौस आहे त्याने खुशाल महागडी चौकट घ्यावी. त्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती गरजेला हौसेचा भाव लावण्याविषयी.

भीतीचा लेप

लेपांचे आणि पातळ काचांचे सगळेच दावे खोटे आहेत असे मुळीच नाही. मोठ्या नंबराला जास्त वक्रीभवनांकाचे भिंग खरोखर उपयोगी पडते. लहान मुलांसाठी सहजासहजी न फुटणारे पॉलिकार्बोनेट योग्यच. रात्री वाहन चालविणाऱ्याला प्रकाशाची चमक रोखणारा लेप सोयीचा ठरतो. परंतु उणे एक-दीड नंबराच्या विद्यार्थ्याला महागडी पातळ काच कशासाठी? भिंगाची कडा जाड दिसू नये हाच प्रश्न असेल, तर चौकट लहान आणि गोलसर निवडली की तो बऱ्याच अंशी आपोआप सुटतो. हा सल्ला दुकानात क्वचितच मिळतो, कारण त्यासाठी वेगळे पैसे आकारता येत नाहीत.

निळ्या प्रकाशाचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या आढाव्यात असे आढळले की, संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा अशा भिंगांनी साध्या भिंगांपेक्षा अल्प काळात बहुधा कमी होत नाही. थकवा येतो तो पापण्या कमी लवल्याने आणि तासन् तास जवळ पाहत राहिल्याने. त्यावर उपाय अधूनमधून दूर पाहण्याचा आणि विश्रांतीचा. तो फुकट आहे, म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

स्वस्त म्हणजे निकृष्ट?

या सर्व विवेचनावर एक ठरावीक आक्षेप घेतला जातो. स्वस्त चष्मा म्हणजे निकृष्ट चष्मा, डोळ्यांशी खेळ नको! या आक्षेपाला उत्तर विदेशातून शोधून आणण्याची गरज नाही. ते मदुराईत आहे.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अवघ्या अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग त्या काळी परदेशातून येई आणि त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. या संस्थेने रड गात न बसता १९९२ साली ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना काढला आणि तेच भिंग परदेशी किमतीच्या लहानशा अंशात तयार करून दाखविले. आज ही भारतीय भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात. जे भिंग डोळ्याच्या आत आयुष्यभर राहायचे, तेसुद्धा स्वस्त आणि उत्तम होऊ शकते. मग डोळ्यापुढे नाकावर बसणारे भिंग का होऊ नये?

स्वस्त चष्म्याचे मोल किती असते, हेही भारतातच सिद्ध झाले आहे. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक चाचणी करण्यात आली. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा मोफत देण्यात आला, त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. नवे यंत्र नाही, नवे प्रशिक्षण नाही. केवळ एक चष्मा! आता हाच हिशेब शिवणयंत्रावर बसणारी गृहिणी, पेढीवरचा सोनार, हातमागावरचा विणकर यांच्या बाबतीत मांडून पाहावा. जवळचे दिसेनासे झाले म्हणून जो कारागीर पन्नाशीतच हात आखडता घेतो, त्याचे कौशल्य त्याच्या घराबरोबर देशही गमावतो. आणि फळा दिसत नाही हे लाजेने न सांगणारा विद्यार्थी ‘ढ’ ठरतो, त्या नुकसानीची तर कोठेच नोंद होत नाही.

शासनाने पुढचे पाऊल उचलावे

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याअंतर्गत शालेय मुलांची तपासणी करून गरजूंना मोफत चष्मे दिले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबराचे चष्मे, त्यांची भिंगे व चौकटी यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. हे स्वागतार्हच आहे. कर वगळून पाच हजार रुपये किमतीच्या चष्म्यामागे पूर्वी सहाशे रुपये कर पडे, आता अडीचशे पडतो. पण साडेतीनशे रुपयांची ही सवलत मूळ पाच हजारांचे काय, या प्रश्नाला स्पर्श करत नाही.

त्या प्रश्नाला हात घालण्याचे धैर्य या देशाने यापूर्वी दाखविलेले आहे. हृदयातील स्टेंटच्या किमती लाखाच्या घरात गेल्या होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यांनाही ती लागू झाली. तेव्हाही गुणवत्ता घसरेल अशी हाकाटी झाली होती. पण म्हणून या देशातील हृदयोपचार थांबले नाहीत. प्रत्येक चौकटीवर मर्यादा घालावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु साध्या एकनंबरी आणि बायफोकल भिंगांची, तसेच एका टिकाऊ चौकटीची वाजवी किंमत ठरवून असा चष्मा जनऔषधी केंद्रांच्या जाळ्यातून का देऊ नये? जेनेरिक औषध चालते, तर बिननावाचा चष्मा का चालू नये?

दुसरी मागणी अधिकाराची आहे. अमेरिकेत १९७८ सालापासून नियम आहे की, डोळे तपासणाऱ्याने तपासणी संपताच नंबराचा कागद रुग्णाने न मागताही विनामूल्य हाती दिला पाहिजे. ग्राहकाने चष्मा कोठून घ्यायचा हे त्याचे त्याला ठरवता यावे, हा त्यामागचा उद्देश. आपल्याकडे ‘मोफत तपासणी’चा नंबर अनेकदा दुकानाच्या संगणकातच अडकून राहतो. तपासणी एका जागी आणि खरेदी दुसऱ्या जागी करता आली, तरच भावाची तुलना शक्य होते.

ब्रिटनमध्ये १९५१ साली सरकारी आरोग्यसेवेतील चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क लावण्याचे ठरले, तेव्हा अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. चष्म्याची किंमत हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, हे भारतीय मतदाराच्या अजून ध्यानातही आलेले नाही.

घराघरातून सुरुवात

तथापि सर्व काही शासनावर सोपवून मोकळे होणे हा जागृत समाजाचा स्वभाव नव्हे. तपासणीत मात्र काटकसर नको. केवळ यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर चष्मा बनवू नये. मुलांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे, आवश्यक तर थेंब घालून व्हावी. चाळिशीनंतर एकदा डोळ्यांचा दाबही तपासावा, कारण काचबिंदू न बोलता दृष्टी नेतो. पण तपासणी झाली की नंबराचा पूर्ण कागद, दोन बाहुल्यांमधील अंतरासह, मागून घ्यावा. चौकट आणि भिंग यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. जुनी चौकट धड असेल तर फक्त भिंगे बदलावीत. दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा असेल, सिलिंडर नसेल आणि दूरचे स्पष्ट दिसत असेल, तर वाचनासाठी तयार मिळणारा साधा चष्मा पुरतो. महागड्या प्रोग्रेसिव्ह काचेऐवजी अनेकांचे काम रेघेच्या बायफोकलवर किंवा दोन साध्या चष्म्यांवर उत्तम भागते.

आणि पेठेतल्या जुन्या चष्मेवाल्याला विसरू नये. वाकलेली काडी सरळ करून देणारा, नाकावरची पट्टी बदलून देणारा, ‘तुम्हाला एवढ्या महागाची गरज नाही’ असे तोंडावर सांगणारा तो कारागीर झगमगत्या साखळ्यांपुढे मागे पडतो आहे. तो टिकला तर ग्राहकाचा एक प्रामाणिक सल्लागार टिकेल.

वस्ती-वस्तीत कार्य करणाऱ्या मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि शाळांनी मनावर घेतले, तर नेत्रतपासणी आणि घाऊक दरात चष्मे हा उपक्रम अवघड नाही. गणेशोत्सवाच्या मांडवावरचा एका रात्रीचा रोषणाईचा खर्च वाचविला, तरी एखाद्या शाळेतील अनेक मुलांच्या डोळ्यांत कायमचा उजेड पडेल. बाजाराने चष्म्याला दागिना केले. त्याला पुन्हा साधन करणे समाजाच्या हाती आहे.