गावाच्या पंचांगाने या

(मेळघाटात सेवेसाठी येऊ इच्छिणाऱ्या मंडळींस व त्यांना आणणाऱ्या संस्थांच्या चालकांस)



ज्या पावसाचे धुके पाहण्यासाठी आषाढ-श्रावणात चिखलदऱ्याच्या घाटात मोटारींची रांग लागते, त्याच पावसात डोंगरापलीकडच्या कोरकू वस्त्यांत घरातले धान्य सरत आलेले असते, नाल्याला पूर येऊन दवाखान्याची वाट तुटते, आणि कुपोषणाने आधीच खंगलेली मुले हगवणीने दगावतात. हे सरकारी दप्तरी नमूद आहे. असे असता शहरी स्वयंसेवकांची शिबिरे येथे भरतात कधी? तर नाताळच्या सुटीत, म्हणजे दिवाळी आटोपून कित्येक कुटुंबे मजुरीसाठी परमुलखात गेलेली असतात आणि होळीखेरीज परतायची नसतात तेव्हा! जाहिरातीत 'अस्सल आदिवासी जीवनाचा अनुभव' असे शब्द असतात; ते अस्सल जीवन त्या वेळी ट्रकात बसून केव्हाच निघून गेलेले असते. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांची व लेकरांची मग सेवाही होते आणि छायाचित्रेही निघतात.

गेल्या पौषात अशाच एका तुकडीने आमच्या शाळेची भिंत रंगविली. आदल्या वर्षी तीच भिंत दुसऱ्या तुकडीने रंगविली होती. तेव्हाच्या 'ज जहाजाचा'वर आता फुलपाखरू बसले आहे, आणि त्याच्या पंखाआडून जहाजाचे शीड अद्याप डोकावते. (समुद्र न पाहिलेल्या, घरी कोरकू बोलणाऱ्या पोरांना जहाजच का, हे पुसण्याची सोय नव्हती.) छप्पर मात्र जिथल्या तिथे गळते. कवेलू फेरणारा गडी गावातच होता. परंतु त्याला रोजंदारी मोजण्यापेक्षा दरमाणशी शुल्क भरणारे पाहुणे आणणे चालकांना किफायतशीर वाटले.

शुल्क घेऊच नये, असा आमचा हट्ट नाही. पाहुण्यांच्या भाकरीलाही पीठ लागते. पण तो जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि ज्या ग्रामसभेला 1996 च्या पेसा कायद्याने गावच्या कारभारात अधिकार दिला, तिनेच काम कोणते व केव्हा हे ठरवावे, यात गैरवाजवी ते काय? मजुरीने होणारे काम मजुरालाच मिळावे, हेही आम्ही निक्षून सांगतो.

गावाच्या वेळेने सेवेला येणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेने 1997 पासून स्वयंसेवक येथे ऐन पावसाळ्यात पाठविण्याची वहिवाट पाडली. फार मागे जायचे तर 1934 च्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्विस गृहस्थ, ज्याचा पिता त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष राहिला होता, बिहारात घरे उभारण्यासाठी आला, आणि एका फेरीत पुण्य पदरी बांधून परतला नाही. पुढेही येत राहिला.

तेव्हा यायचे तर जुलैत या. पहिले दोन दिवस गावच्या आशाताईंच्या, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेच्या, मागे नुसते चाला. त्यांनी बोलाविल्याखेरीज कोणाच्या उंबरठ्याशी उभे राहू नका. छत्री आणा, आणि चिखलात टिकतील असे जोडे आणा. रंगाचे डबे शहरातच राहू द्या.

— मेळघाटचा एक रहिवासी