इग्वाना नाक का घासतो?

बोईसरच्या एक भगिनी विचारतात, मुलाने हौसेने पाळलेला इग्वाना काचेवर नाक घासून रक्तबंबाळ करून घेतो, काय करावे? हा खोडसाळपणा नव्हे बरं का! काच त्याला कळत नाही. वाट आहे असे वाटून तो धडका देतो. काचेला बाहेरून खाली वीतभर फिकट जाड कागद चिकटवा, आत फांदी नि लपायला आडोसा द्या. पेटीही ऐसपैस हवी. हा प्राणी पाच-सहा फूट वाढतो, दुकानदार कशाला सांगेल? तारापूरकडची दमट हवा त्याला मानवते, पण काचेतून आलेले ऊन हाडांच्या कामाचे नाही. रोज थोडा वेळ जाळीच्या पिंजऱ्यात, एका बाजूला सावली ठेवून, उन्हात ठेवा. शेपटी धरून उचलू नका, तुटते. नाक सुजले तर थेट जनावरांचे डॉक्टर गाठा. घरचे मलम नको.