डेकचं तिकीट

"केबिनमध्ये फक्त झोपायचं तर असतं, बाल्कनीला कशाला जास्त पैसे?" मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करताना ऑफिसात प्रत्येकाने ऐकवलं. अरे, बिनखिडकीच्या एसी खोलीत पडायला बोट कशाला हवी? क्यूबिकल आहे की!

बाल्कनीच घेतली. पहाटे खारा वारा, लांबवर मच्छीमारांच्या बोटींचे दिवे, हातात चहा. वरच्या डीजेचा त्रास नाही.

राग वेगळाच आहे. आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायचे, डेकवर वळकटी पसरून. सगळ्यात स्वस्त तिकीट ते! आता स्वस्तात मिळते ती कोंदट खोली, आणि वाऱ्याला एक्स्ट्रा चार्ज. च्यायला, समुद्र तोच ना?

असो. आई मात्र गाऊनवरच दोन तास तिथे बसून होती. डेकवर, चार लोकांत, बसली नसती.